मयतीच्या बाजाला नाव नसतं

माझी मुलगी नागपुरात चित्रकला शिकते. सुटीत नागभीडला घरी आली की दिवसभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून जपानी चित्रकथा वाचते. त्याला मांगा म्हणतात, हे तिनंच मला शिकवलं, आणि ते शेवटच्या पानापासून उलटं वाचतात, हेही. मी एसटीत कंडक्टर आहे. गाडी मागे घ्यायची म्हटली तरी मला खाली उतरून शिट्या वाजवाव्या लागतात, त्यामुळे उलटं चाललेलं काहीही दिसलं की माझं डोकं सणकतं.

गणपतीचे दिवस होते आणि माझी सुटी होती. मी ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होते, ती खांबाला टेकून बसली होती. तिला एक जुनी चित्रकथा सापडली होती, इतकी आडबाजूची की जपानातही ती फारशी कोणी वाचली नाही, असं तिचं म्हणणं. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला संगीताची सीडी लावलेली होती. पान उलटायचं आणि त्या पानाचं संगीत ऐकायचं, अशी त्या लोकांची हौस. कुणीतरी ते सगळं इंटरनेटवर टाकलं होतं. आवाज मोठा यावा म्हणून पोरीनं मोबाइल भाताच्या रिकाम्या पातेल्यात, गंजात ठेवला होता.

आधी पाखरं बोलली, मग पाणी वाहिलं. त्यानंतर सनई आणि डफडं सुरू झालं. सनईमागून एका बाईचं रडणं ऐकू यायला लागलं, लांबून, मग जवळून.

“धान कोन कापन जी, माया धन्या, धान कोन कापन...”

ती माझी आई होती.

आईला जाऊन आता काही वर्षं झाली. तिचा आवाज कुठंच नाही. आमच्याकडच्या बायकांचा आवाज कोण कशाला भरून ठेवतो? फोटो आहे तोही आधार कार्डावरचा, त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. आणि इथं माझ्या घरच्या गंजातून ती तिशीतली बाई माझ्या बापासाठी रडत होती. मी मुलीला म्हटलं, बंद कर. मग म्हटलं, नको, चालू दे.

“आई, सणाचं गाणं आहे हे,” मुलगी म्हणाली. “हे बघ ना, या पानावर लोकं नाचून राह्यले.”

मी बघितलं. मुखवटे घातलेली माणसं जाळाभोवती नाचत होती, आणि त्यांच्या नाचाला माझ्या बापाची मयत लावलेली होती. मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलीनं ते पहिल्यांदाच माझ्या तोंडून ऐकलं, आणि गाडीतल्या प्रवाशांनी ते बऱ्याचदा ऐकलं आहे.

बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. आमचं गाव मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठाला. धान कापायला आलं होतं आणि शेताच्या बांधीत त्यांना मण्यार चावली. त्याच दिवसांत गावातल्या शाळेत एक परदेशी पाहुणा उतरला होता. तो एका काठीच्या टोकाला केसाळ काहीतरी लावून जंगलात हिंडायचा आणि पाखरांपुढे धरायचा. तो मेलेलं मुंगूस घेऊन फिरतो, असं आम्ही पोरांनी ठरवून टाकलं होतं; तो आवाज भरून घ्यायचा माइक होता, हे फार पुढे कळलं. गावातला सनईवाला त्याला वाटा दाखवायचा. बाबांच्या मयतीत तो पाहुणा ते मुंगूस घेऊन तिरडीच्या बाजूनं चालला. मयतीत कोणी सामील झालं तर आमच्याकडे त्याला जा म्हणत नाहीत.

मुलीनं मग त्या सीडीची माहिती वाचून दाखवली. चित्रं काढणाऱ्याचं नाव होतं, शाई भरणाऱ्याचं होतं, बासरी वाजवणाऱ्याचं, ज्यानं आपली खोली वापरायला दिली त्याचंही होतं. आमच्या तुकड्यापुढे एवढंच लिहिलेलं होतं की मध्य भारतातलं जंगल, वादक अज्ञात.

“अज्ञात म्हणजे काय? आभाळातून पडले का ते?” मी म्हटलं. “लिही त्यांना.”

मी शिव्या सांगत गेले आणि मुलगी त्याचं सभ्य इंग्रजी करत गेली. उत्तर आलं ते खुद्द त्या मुंगूसवाल्याचं. तो आता म्हातारा झाला होता. मी दोनदा नावं विचारली होती, त्यानं लिहिलं. पहिल्या वेळी त्यांनी तोंडं फिरवली, दुसऱ्या वेळी मला मागे टाकून निघून गेले. का ते मला आजवर कळलं नाही. तुम्ही नावं कळवा, मी घालतो. नाचाच्या पानाबद्दल त्यानं माफी मागितली होती. राग धरून बसायला त्या माणसानं मला जागाच ठेवली नाही.

“सांग आता नावं,” मुलगी टाइप करायला बसली.

मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. आमच्या घरात त्यांना बाजेवाले म्हणायचे. आमच्या लग्नांत, आमच्या मयतीत ते आले, चिंचेखाली बसले, पत्रावळीवर जेवले आणि गावाच्या टोकाला आपल्या घरी गेले. जपानहून आलेल्या माणसानं निदान दोनदा विचारलं तरी होतं. आमच्या अख्ख्या आळीनं ते एकदाही विचारलं नव्हतं, आणि मी निघाले होते जगाला जाब विचारायला.

तेव्हा माझी ड्युटी चामोर्शीच्या गाडीवर होती. पुढच्या सुटीला मी प्रवासी होऊन त्याच गाडीत बसले आणि गावाच्या फाट्यावर उतरले.

चार बाजेवाल्यांपैकी गावात एकच उरला होता, डफडं वाजवणारा. बाकी दोघं आपल्या मरणानं गेले होते. सनईवाल्याचं मला ऐकून माहीत होतं, पण आमच्याकडे ती गोष्ट कोणी पूर्ण सांगत नाही. डफडेवाला बाबा अंगणात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा दोर वळत बसला होता. मी मोबाइल त्याच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला आणि दोर ठेवून त्याची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.

“बाबा, त्या पाहुण्यानं नाव विचारलं होतं. तुम्ही सांगितलं काऊन नाही?”

“बाई, लगनात इचारलं असतं तं बापाचं सांगतलं असतं, आज्याचंबी सांगतलं असतं,” तो म्हणाला. “तो येडा मयतीत इचारून राह्यला होता!”

“मयतीत काय होते?”

“मयतीच्या बाजाले नाव नसते. मढ्याच्या कानावर आपलं नाव पडू द्याचं नाई, सोबत येते ते. घरी येऊन लिंबाचा पाला चावला का मंग बोला कोनाचंबी नाव. यानं घाटावरच इचारलं. आमी तोंड फिरवलं. वापस येता येता पुन्हा इचारलं, तं सनईवाला असा चिडला, का त्याले सोडून भराभर चालला. पाह्यलं तं तो मांगून पळूनच राह्यला होता, ते केसाचं घेऊन!”

तो हसला आणि मीही हसले. मी चौथीतली पोर असताना दोन दिवसांची उपाशी घरी बसले होते तेव्हा बाहेर हे चाललं होतं तर.

“मग आता लिहू की नको?”

“मयत कोनाची होती? तुया बापाची. तू मनशीन तं लिव,” तो म्हणाला आणि त्यानं आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, गाडीत तिकीट काढताना सांगावं तसं खणखणीत. गेलेल्या दोघांची सांगितली. चौथ्याला मात्र थांबला. “सनईवाल्याचं मले इचारू नोको. त्याची बायको बसली आहे अजून.”

सनईवाल्याच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. तिचं घर शेवटचं, पुढे नुसतं जंगल. कपाळावर मोठं कुंकू आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, गच्च भरलेल्या. तिच्या वयाच्या बाया आता एकेक बांगडी घालतात. ती भरून घालायची आणि एखादी पिचकली तर त्याच दिवशी चामोर्शीला जाऊन नवी भरायची, हे मला आमच्या गाडीतून माहीत होतं.

तिचा नवरा कसा गेला ते तिनं मला त्या दिवशी सांगितलं. बाबांच्या मयतीनंतरची काही वर्षं गेली होती आणि तोवर नक्षलवाले आणि पोलिस दोघंही जंगलात हिंडायला लागून तिथले दिवस खराब झाले होते. तिन्हीसांजेला दोन माणसं अंगणात आली. पलीकडच्या गावात लगन आहे, सनई घेऊन चाल, म्हणाली. त्यानं शर्ट बदलला, सनई घेतली आणि गेला. पलीकडच्या गावात लगन नव्हतं. त्याला कोणी नेलं याची गावात दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही उत्तरं देताना माणसं आवाज खाली करतात. का नेलं याचं मात्र एकच उत्तर होतं. हा मशीनवाल्या परक्या माणसाला जंगल दाखवत हिंडला होता, ते कुणीतरी लक्षात ठेवलं होतं. हे मी जपानला कळवलं नाही. कळवून त्या म्हाताऱ्याला काय देणार होते मी?

मढं मिळालं नाही. मढं नाही म्हणून मयत नाही, आणि मयत नाही म्हणून कुंकू पुसायचं नाही, असा तिचा हिशेब होता. नातेवाइकांनी पुष्कळ समजावलं. ती फळीवरची एक पत्र्याची डब्बी काढून दाखवायची. सनईच्या तोंडाला पानाची पत्ती लागते, ती ओठात भिजवून वाजवायची. पत्ती केव्हा फाटेल त्याचा नेम नाही, म्हणून सनईवाला जास्तीच्या पत्त्या घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तो त्या दिवशी ही डब्बी इथंच ठेवून बाहेर पडला होता.

“डब्बी राह्यली ना इथी,” मावशी म्हणाली. “न्याले येईन तो.”

मी मोबाइल लावला. माझ्या आईच्या रडण्याआधी सनईत श्वास भरल्याचा आवाज येतो, छोटासा, लक्ष दिलं तरच कळतो. मावशीनं तो पहिल्याच झटक्यात पकडला. तिनं पदर तोंडात धरला. तुकडा संपला तशी म्हणाली, पुन्हा लाव. मी पुन्हा लावला. किती वेळा लावला ते मोजलं नाही. शेवटची गाडी जायची वेळ झाली तेव्हा मी हिय्या करून विचारलं.

“मावशी, बाकीच्या तिघांची नावं छापतात. मौसाजींचं काय लिहू?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “मयतीच्या बाजावर त्याचं नाव टाकतं काय वं? जिवंत माणसाचं?”

“त्यानंच वाजवलं आहे, मावशी. अज्ञात म्हणून लिहिलं आहे तिथं. मला ते बघवत नाही.”

“तुले बघवत नाई मनून मी कुकू पुसू काय?” ती म्हणाली. “जाय. तुयी गाडी चुकन.”

मला राग आला. खरं सांगते, फाट्यापर्यंत चालताना मी तिच्यावर चिडलेलीच होते. मी इतकी धडपड करते आहे आणि ही बाई एका डब्बीला धरून बसली आहे, असं माझ्या मनात होतं. गाडीत बसल्यावर, खिडकीला डोकं टेकल्यावर मला कळलं की मी त्या बाईकडे काय मागितलं होतं. एक नाव नीट छापून यावं म्हणून मी तिच्याकडे तिचा नवरा मारून मागितला होता.

मी तीन नावं पाठवली. पाचवं म्हणून आईचं पाठवलं.

“आजी काय वाजवत होती?” मुलीनं विचारलं.

“ती रडली नसती तर हे कोणाच्या मयतीचं आहे ते तुझ्या जपान्याला आणि मला तरी कळलं असतं का?” मी म्हटलं. मुलीनं गुपचूप टाइप केलं. काही दिवसांनी ती नावं तिथं आली. चौथ्या ओळीत अज्ञात हा शब्द तसाच होता. मी ते पान पुन्हा उघडलं नाही.

धान कापून झालं. एका सकाळी गावच्या फाट्यावर गाडी थांबली तर पायरीशी मावशी उभी. चढेना. मला वाटलं बांगड्या भरायला निघाली असेल.

“चढा ना, मावशी, गाडी खोळंबली.”

“चढत नाई. सोमवारी ये,” ती खालूनच म्हणाली. “त्याले घेऊन ये.”

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तिचा हात माझ्या मोबाइलकडे होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि मी घंटी ओढली.

सोमवारी मी गेले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. ज्याचं मढं मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा माणूस करतात. मी हे ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. पानं एकावर एक शिवून त्यांनी हात केले होते, पाय केले होते, डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. त्याला पांढरं धोतर गुंडाळलं होतं. अंगणात माणसं थोडीच होती, ज्यांना भीती वाटत होती ती आली नव्हती. डफडेवाला बाबा एका बाजूला तणसाचा जाळ करून त्यावर डफड्याचं कातडं शेकत होता.

मावशी आतून डब्बी घेऊन आली. झाकण गंजलं होतं, डफडेवाल्यानं दातानं उघडून दिलं. आतल्या पत्त्या वाळून तपकिरी झाल्या होत्या. तिनं एक उचलली, आपल्या ओठात धरून भिजवली आणि नारळाच्या खाली, जिथं तोंड असतं तिथं पानांत खोचली.

“मले पयल्या दिवसापासून मालूम होतं,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे, बघत तर ती नारळाकडेच होती. “लगनाले जाणारा माणूस डब्बी ठेवून नाई जात. त्याले समजलं होतं. मले काई बोलला नाई.”

डफडेवाल्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी मोबाइल लावला. मुलीनं त्यासाठी लहान स्पीकर पाठवला होता, तो मी छातीशी धरला. सनईत श्वास भरला गेला आणि सनई सुरू झाली. तिरडी उचलली. स्पीकरमधलं डफडं आणि बाहेरचं डफडं दोन्ही त्या एकाच म्हाताऱ्याचं होतं. आतलं जवान होतं, पुढं पळत होतं आणि बाहेरचं मागं पडत होतं. मध्येच माझी आई रडायला लागली, धान कोन कापन जी. त्या पानांच्या माणसासाठी रडायला दुसरी बाई लागलीच नाही. मावशी रडत नव्हती. ती नुसती ऐकत चालली होती.

आम्ही घाटाच्या अर्ध्या वाटेवर असताना तुकडा संपला. पुस्तकाच्या एका पानापुरता कापलेला तो, घाटापर्यंत कुठून पुरणार? मी घाईघाईनं पुन्हा लावायला गेले, पण डफडेवाल्यानं हातानं नको म्हटलं. माझ्या बापासाठी तो घाटापर्यंत वाजवत गेला होता, तसाच याच्यासाठीही एकटा वाजवत गेला. सनईविना डफडं फार कोरडं वाजतं. नदीत पाणी कमी होतं. पळसाच्या पानांना जळायला वेळ लागत नाही.

परत येताना कोणी कोणाला नावानं हाक मारली नाही. माझ्या पायात काटा गेला, तर मागचा माणूस नुसता खाकरला आणि थांबला. अंगणात कडुलिंबाचा डहाळा ठेवला होता. प्रत्येकानं पाला चावला, चूळ भरली आणि जो तो ओट्यावर टेकला. मावशीनं पाला बराच वेळ चावला. कपाळ तिनं घाटावरच धुतलं होतं. बांगड्यांचे तुकडेही तिथंच राहिले होते, मनगटावर नुसते ओरखडे होते.

मग ती माझ्यासमोर येऊन बसली.

“लिव आता,” ती म्हणाली.

मी मोबाइल काढला. बोटं तयार ठेवली आणि डफडेवाल्याकडे पाहिलं, कारण आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच, पुढं जन्मभर धनी नाही तर अमक्याचे बाबा. हिला तर मूलही नव्हतं, म्हणजे तेही नाही. नाव डफडेवालाच सांगेल, असं मी धरून चालले होते.

पण मावशीनंच सांगितलं. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. हळू नाही, अंगणभर ऐकू जाईल असं, लांब गेलेल्या माणसाला जेवायला बोलवावं तसं.

डफडेवाल्यानं मान वर केली आणि फाटकाकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.